पत्ता : मोना हार्कोर्ट, आयर्लंड

एवढंच असायचं पाकिटावर.
ना गाव, ना परगणा.
तरी पत्र पोचायचं. डब्लिनला टपाल लावणारी माणसं
कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहायची : केरी, किलमोरन.
आणि खाली कुणीतरी खोडसाळ : मधमाश्यांच्या पेट्यांपाशी.

सतरा वर्षं मी ती पत्रं सायकलवरून नेली,
चढाला सायकल हातात धरून, उताराला देवाच्या भरवशावर.
ती हात पुसत दारात यायची,
पाकीट उलटसुलट करून बघायची, म्हणायची,
"ही बाई इथे राहत नाही, टायग.
बरं, ठेव."

तिचं नाव गोबनेट. गोबनेट लँडर्स.
माश्या पाळणाऱ्या संतिणीचं नाव,
आमच्याकडे एक खडा मारला तर दोन गोबनेटना लागेल.
स्टुडिओच्या साहेबानं ते तीनदा तोंडात घोळवलं,
चिरूट खाली ठेवला :
याला कोण तिकीट काढणार?
जेवणाची सुट्टी व्हायच्या आत ती मोना झाली.
केस भुरे होते, ते तांबडे झाले,
आयरिश पोरगी तांबडीच असते
असं रंगीत फिल्मचं ठाम मत होतं.

मग दोन वर्षं एका मास्तरणीनं
तिच्या जिभेवरचं केरी घासून काढलं.
तिसऱ्या वर्षी आयरिश पोरीचं काम आलं,
तेव्हा दुसरी मास्तरीण ठेवली, आयरिश बोलायला शिकवायला.
ती शिकागोची.
हे सांगताना ती इतकी हसायची
की कपातला चहा बशीत.

कॅलिफोर्नियात तिच्यासाठी गाव उभं केलं होतं,
फळ्यांवर डोंगर, काथ्याचं गवत, भाड्याच्या मेंढ्या.
पाऊस नळातून.
साधं पाणी कॅमेऱ्याला दिसत नाही,
म्हणून त्यात दूध ओतायचे.
"दुधात भिजले रे मी, दिवसभर,
आणि इथे आई एका गाईवर सात पोरं वाढवत होती."
हे सांगताना मात्र हसायची नाही.

तिचे सिनेमे आमच्या हॉलमध्ये येईपर्यंत
सेन्सॉरची कात्री आधी येऊन गेलेली असायची.
ओठ जवळ यायचे, जवळ यायचे,
आणि एकदम घोडागाडी.
तिच्या आईनं अठरा सिनेमे पाहिले.
पोरगी भारी सरळ वागते म्हणून समाधान होतं म्हातारीला.

म्हातारी गेली त्या संध्याकाळी
धाकट्या मॉरिशनं रिवाजाप्रमाणे पेट्यांवर टकटक केली,
माश्यांना सांगितलं. सांगावंच लागतं,
नाहीतर रुसून उठून जातात.
तारही केली.
तार ऑफिसच्या खणात दोन दिवस राहिली,
कारण नाचाचं शूटिंग अर्धं होतं, दोनशे माणसं रोजावर.
माश्यांना आधी कळलं, म्हणायची ती.
माश्यांना, आणि मग मला.

छत्तिसाव्या वर्षी तिला नायकाच्या आईचं काम दिलं.
नायक चाळीसचा.
ती परत आली, तीन ट्रंका आणि तांबडे केस घेऊन.
ते रंग सोडत गेले,
दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत पुन्हा भुरी.
जीभ मात्र शेवटपर्यंत मधेच कुठेतरी अडकलेली,
धड इथली नाही, धड तिथली नाही,
पोरं नक्कल करायची. मीही केलीय.

फेब्रुवारीत गेली.
मॉरिश तर आधीच गेलेला. मीच चढलो टेकडीवर,
टोपी काढली, घराच्या किल्लीनं पहिल्या पेटीवर
तीनदा वाजवलं,
तोंड उघडलं आणि अडलो.
पोस्टात उभा जन्म गेला माझा,
नावावाचून काही द्यायची सवय नाही.
थंडी होती. आत गोळा होऊन बसल्या होत्या त्या,
कान लावला तर लांबच्या इंजिनासारखी घरघर.
"तुमची बाई गेली," एवढंच म्हणालो.
सातही पेट्यांना तेच.

परवा ओहायोहून एक पाकीट आलं, थरथरतं अक्षर.
नियमानं परत पाठवायला हवं.
ठेवलंय.